रॅश जातो आणि परत येतो? आधी ट्यूबच्या मागचं वाच

पत्र असं आलंय: "ताई, माझा मुलगा आठ महिन्यांचा आहे. आम्ही चिपळूणजवळ राहतो. तीनेक आठवड्यांपूर्वी त्याला कफ झाला म्हणून अँटिबायोटिक दिलं, त्याने शी पातळ व्हायला लागली आणि तेव्हापासून डायपरच्या जागी लालभडक झालंय. सासूबाई म्हणतात सगळा दोष डायपरचा, बाळुती वापर, पण इथे पावसात बाळुती दोन दोन दिवस वाळत नाहीत. त्या खोबरेल तेलात कापूर घालून लावतात, माझी आई म्हणते हळद लाव. यांनी मेडिकलमधून एक ट्यूब आणली, ती लावली की दोन दिवसांत उतार पडतो आणि बंद केली की परत पहिल्यापेक्षा जास्त येतं. मला ते केमिकल काही नकोच आहे, नॅचरल उपाय सांगा. आणि नवव्या महिन्याची लस आलीये, ती पुढे ढकलू का? - एक वैतागलेली आई"

अगं, नॅचरल उपाय सांगते, भरपूर सांगते, पण त्याआधी उठ आणि ती ट्यूब घेऊन उजेडात ये. मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते वाच. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यातलं एक जरी नाव दिसलं तरी ते स्टेरॉइड आहे, आणि बहुतेक त्याच्या जोडीला एक बुरशीचं औषध आणि एक अँटिबायोटिक असं तिन्ही एकत्र कोंबलेलं असणार. तू लिहिलंयस ना, लावलं की दोन दिवसांत छान आणि थांबवलं की पहिल्यापेक्षा जास्त, त्यावरूनच माझा संशय तिकडे गेला. स्टेरॉइडने लाली आणि सूज चटकन बसते, पण खाली बुरशी असेल तर ती मरत नाही, उलट तिला मोकळं रान मिळतं. त्यात डायपरच्या आत ती जागा बंद, गरम, ओली असते, त्यामुळे औषध हातापायावर लावल्यापेक्षा कितीतरी जास्त आत शोषलं जातं आणि बाळाची कातडी पातळ होत जाते. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ मध्ये त्यातली बरीच शेड्यूल एचमध्ये टाकली, तरी "लहान मुलाला रॅश आलाय" म्हटलं की काउंटरवरून सर्रास मिळतात. तुझ्या मिस्टरांना बोल लावू नको, ते बिचारे मदत करायलाच गेले होते. पण आता ती ट्यूब स्वतःहून लावायची नाही, आणि टाकूनही द्यायची नाही, डॉक्टरांना दाखवायला सोबत न्यायची.

दुसरं, आज डायपर बदलताना नीट बघ. साधा रॅश असतो ना तो जिथे डायपर घासतं आणि शी-शू लागते तिथे येतो, म्हणजे ढुंगणाचे फुगीर भाग, ओटीपोटाची खालची बाजू, मांड्यांचा वरचा भाग, आणि जांघेच्या घडीत बोट घालून बघितलं तर आत कातडी बहुतेक नॉर्मल असते, कारण घडीत शी-शू फारशी पोचत नाही. बुरशीच्या रॅशचं नेमकं उलटं असतं, घड्यांच्या आतच गडद लाल, चकचकीत दिसतं, आणि मोठ्या चट्ट्याच्या कडेने सुटे सुटे लाल ठिपके पसरलेले असतात. तोंडातही बघ, जिभेवर किंवा गालाच्या आतून दह्यासारखे पांढरे डाग आहेत का आणि ते ओल्या कापडाने हलकेच पुसून जातायत का. जात नसतील तर तीच कॅन्डिडा नावाची बुरशी तोंडात पण आहे. अँटिबायोटिकनंतर हे खूप होतं, कारण आतड्यातले चांगले जंतूही त्यात मरतात आणि बुरशीला आवरणारं कोणी उरत नाही. तुझ्या बाळाची सगळी हकिकत मला त्याच दिशेने जाताना दिसतेय. आणि तसं असेल तर मी खाली जे काही सांगणारे त्याने त्याला आराम पडेल पण बुरशी जाणार नाही, त्याला बुरशीचं साधं मलम, स्टेरॉइड नसलेलं, डॉक्टरांनी बघून दिलेलंच लागेल. तीन आठवडे झालेत गं. साधा रॅश नीट काळजी घेतली की दोन-तीन दिवसांत उताराला लागतो, त्यामुळे या आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जाच.

आता सासूबाईंचं. त्या अर्ध्या बरोबर आहेत. रॅश डायपर नावाच्या वस्तूने येत नाही, ओल आणि शी कातडीला चिकटून राहिल्याने येतो. शूमधला युरिया शीतल्या जंतूंमुळे फुटून अमोनिया होतो, त्याने त्या जागेचं आम्लपण कमी होतं, आणि मग शीमध्ये जे पाचक रस असतात, जे खरं तर आतड्यात अन्न पचवायला असतात, ते जोर धरून बाळाची कातडीच पचवायला लागतात. पातळ शीमध्ये हे रस जास्त असतात, म्हणून जुलाबाच्या वेळी एका रात्रीत ढुंगण सोललं जातं. हेच ओल्या बाळुत्यातही होतं बरं का. उलट आजकालची चांगली डायपर्स शू आत शोषून जेल करतात, त्यामुळे ओलं बाळुतं अंगाला लागून राहण्यापेक्षा कातडी कोरडी राहते. फरक पडतो तो असा, की बाळुतं ओलं झालं की बाळ किरकिर करतं, दुपटं भिजतं, कळतंच आणि आपण लगेच बदलतो. डायपरमध्ये काही कळत नाही, मग आपण ती समोरची पिवळी रेघ पूर्ण निळी होईपर्यंत वाट बघतो, आणि डायपर महाग असल्यामुळे "अजून जरा चालेल" असं म्हणत पाच-सहा तास जातात. मी काही वेगळं करत असेन असं समजू नको, खर्च सगळ्यांनाच दिसतो.

मग तुमच्याकडच्या पावसात करायचं काय? मला विचारशील तर दोन्ही वापर. रात्री आणि बाहेर जाताना डायपर, दिवसा घरात बाळुती किंवा लंगोट, पण फक्त खडखडीत वाळलेली असतील तरच. दमट बाळुतं कोरड्या डायपरपेक्षा वाईट. पंख्याखाली वाळवून वरून गरम इस्त्री फिरवली की उरलेली ओल जाते आणि जंतूही बऱ्यापैकी मरतात. जुन्या सुती साडीची किंवा धोतराची बाळुती मऊ असतात आणि पातळ असल्यामुळे लवकर वाळतात, ते जाड बहुपदरी कापडी डायपर पावसाळ्यात कोकणात नको, पोटातून ओलंच राहतं. धुताना शी आधी काढून टाक, मग गरम पाण्यात भिजवून साधा साबण, आणि खळखळून दोन-तीनदा पाण्यातून काढ, साबणाचा अंश राहिला की तोही चावतो. सुगंधी फॅब्रिक कंडिशनर नको, आणि शेवटच्या पाण्यात डेटॉल घालायची जी सवय असते तीही नको, ना बाळुत्याला ना आंघोळीच्या पाण्याला. आणि बाळुत्यावरून प्लास्टिकची चड्डी घालतात ना, ती तर अजिबात नको, मेणकापड अंथरायचं ते दुपट्याच्या खाली अंथर, बाळाच्या अंगाला गुंडाळू नको.

बदलायचं कसं ते जरा सविस्तर सांगते कारण निम्मा आजार इथेच बरा होतो. शी झाली की लगेच, नुसती शू असेल तर दिवसा दोन ते तीन तासांनी. पॅन्टवालं डायपर खाली ओढून काढू नको, शी मांड्यांना फासली जाते, दोन्ही बाजूच्या शिवणी फाड आणि पुढून मागे गुंडाळत काढ. मग कोमट पाणी. आपल्याकडे मांडीवर किंवा हातावर धरून मगाने पाणी ओतत धुवायची पद्धत आहे ना, ती वाइप्सपेक्षा शंभर पटीने चांगली, वाइप्स प्रवासापुरते ठेव आणि तेही विनासुगंधी. प्रत्येक वेळी साबण लावू नको, पाणी पुरतं. वाळलेली शी चिकटली असेल तर खरवडू नको, कापसावर खोबरेल तेल घेऊन ठेव जरा वेळ, आपोआप सुटते. नंतर जुन्या मलमलच्या कापडाने टिपायचं, घासायचं नाही, आणि घडी उघडून आतलंही टिपायचं. मग लगेच नवीन डायपर चढवायची घाई करू नको, दहा-पंधरा मिनिटं दुपट्यावर उघडंच पालथं पडू दे. दिवसातून जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा. हवा हेच या रॅशवरचं सगळ्यात मोठं नॅचरल औषध आहे आणि फुकट आहे. दुपट्याखाली मेणकापड टाक, शू करेल तर करेल, आठ महिन्यांचा रांगणारा असेल तर अर्ध्या घरात करेल, तेवढं सोस. हेअर ड्रायरने वाळवतात काही जण, तसलं करू नको, भाजतं.

सगळं वाळलं की मग थर. झिंक ऑक्साइडचं मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली. तू म्हणशील हे परत केमिकलच, पण झिंक म्हणजे जस्त, खनिज आहे, ते कातडीच्या आत काही करायला जात नाही, वर बसून शी-शू अडवतं एवढंच त्याचं काम. पोळीला तूप पुसतो तसं चोपडायचं नाही, थालीपिठावर लोणी थापतो तसा जाड थर दिसला पाहिजे. पुढच्या वेळी तो सगळा खरवडून काढायची गरज नाही, वरची शी गेली की झालं, उरलेल्यावर परत थर दे. डॉक्टरांनी बुरशीचं मलम दिलं तर आधी ते पातळ लावायचं, मुरू द्यायचं, आणि मग त्यावर हा थर. रात्री नुसत्या शूसाठी झोपलेल्या बाळाला उठवू नको, झोपताना थर जाड दे आणि डायपर एक साइज मोठं घाल, पोटाशी दोन बोटं आरामात जातील एवढं सैल.

आता स्वयंपाकघर आणि देवघर.

खोबरेल तेल चालेल, चांगलं आहे, पण नुसतं. घाण्याचं, स्वच्छ बाटलीतलं, आणि कातडी फाटलेली नसताना. लाली सुरू होतेय असं वाटलं की दर बदलताना हलका हात फिरव, कातडी मऊ राहते. पण त्यात कापूर नाही म्हणजे नाही. सासूबाईंच्या सर्दीला, गुडघ्याला ते तेल उत्तम असेल, पण कापूर कातडीतून रक्तात जातो, सोललेल्या कातडीतून तर आणखीच, आणि लहान बाळांना त्याने झटके येऊ शकतात. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला कापूर लावायचा नाही, छातीला नाही, नाकाशी नाही आणि तिथे तर नाहीच. निलगिरी, टी ट्री, लवंग तेल, ओव्याचा अर्क ही सगळी त्याच यादीत धर. मोहरीचं तेलही नको, ते बाळाच्या कातडीला झोंबतं आणि तिचं कवच कमकुवत करतं.

हळद? आईला सांग, जखमेवर हळद दाबायची ती आपल्या बोटाला, बाळाच्या सोललेल्या ढुंगणाला नको. झोंबते, काहींना तिची अ‍ॅलर्जी असते, बाजारच्या पुडीत रंगाची भेसळ असू शकते, आणि एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही, सगळं पिवळं झालं की खाली लाली वाढतेय की कमी होतेय तेच दिसत नाही. डाळीचं पीठ, साय आणि हळदीचं उटणं लावून रगडायची जी पद्धत आहे ती रॅश असेपर्यंत कंबरेखाली पूर्ण बंद, मालिशवाल्या बाईंना आधीच सांगून ठेव, नाहीतर त्या ऐकायच्या नाहीत.

साजूक तुपाबद्दल लोक खूप विचारतात, आणि शतधौत घृत, म्हणजे तांब्याच्या भांड्यात पाण्याने शंभर वेळा धुतलेलं तूप, ते तर आता इन्स्टाग्रामवर फार चालतं. थर म्हणून तूप वाईट नाही, पण घरी धुताना पाणी आणि हात कितपत स्वच्छ होते यावर सगळं अवलंबून, आणि फाटलेल्या कातडीवर मी ते लावणार नाही. अंगावरचं दूध हलक्या लालीवर उपयोगी पडल्याचे छोटे अभ्यास आहेत, दोन थेंब लावून वाळू द्यायचं, पण बुरशीचा संशय असताना नको. कोरफड आवडत असेल तर पान कापून उभं ठेव, तो पिवळा चीक पूर्ण गळून जाऊ दे, कारण तोच चावतो, मग आतला पारदर्शक गर धुऊन आधी मांडीवर एवढासा लावून एक दिवस बघ. पण एकाच वेळी तेल, तूप, कोरफड, मलम सगळं करू नको, बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळणार नाही.

खायच्या सोड्याचं पाणी नको. सोडा अल्कली, आणि आपल्याला ती जागा अल्कली होऊ द्यायची नाहीये, वर सांगितलं ते. रॅशवर वारंवार सोडा लावल्यामुळे बाळाच्या रक्तातले क्षार बिघडल्याची केस १९८१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात छापून आलीये. मध पण नको, बाळ हात तिथे लावून तोंडात घालतं आणि वर्षाच्या आत मध पोटात जाणं धोक्याचं. आणि पावडर. टाल्कम पावडर उडून फुफ्फुसात जाते आणि घडीत ओली होऊन तिचे गोळे होतात, ते घासतात. पण त्याहून गंभीर म्हणजे बोरिक पावडर, तीच ती कॅरम बोर्डवर टाकतो ती. जुन्या घरांमध्ये अजून कपाटात बाळाच्या सामानाजवळ असते. सोललेल्या कातडीतून ती शोषली जाऊन बाळं दगावल्याच्या नोंदी आहेत. घरात असेल तर बाळाच्या आसपासही ठेवू नको. आणि धुरी द्यायची, "जागा शेकून निघते" म्हणतात ना, धुराने रॅश वाळत नाही, कफ नुकताच बरा झालाय त्याला परत खोकला मात्र लागेल.

पातळ शी अजून चालू आहे का ते तू लिहिलं नाहीस. चालू असेल तर अंगावरचं दूध चालू ठेव, वरचं खाणंही चालू ठेव, नाचणी, मऊ भात, केळं काही बंद करायची गरज नाही, फक्त संत्र्या-मोसंबीचा रस आणि टोमॅटोचं सार काही दिवस थांबव, त्याने काही बाळांची शी तिथे जास्त झोंबते. ओआरएस आणि झिंकचे थेंब डॉक्टरांना विचार, जुलाबात झिंक चौदा दिवस देतात, सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, आणि ते मध्येच सोडायचं नाही. दात येतायत म्हणून जुलाब, जुलाब म्हणून रॅश, हे असंच असतं असं म्हणून गप्प बसू नको.

या आठवड्यात जा म्हटलं, पण काही गोष्टी दिसल्या तर त्याच दिवशी जायचं. ताप, पाण्याचे किंवा पूचे फोड, मधासारखी पिवळी खपली, रक्त येणं, रॅश पोटावर-पाठीवर पसरणं, शू करताना किंचाळणं, दूध न पिणं. शीच्या जागेभोवती एकदम रेखीव लालभडक कडं असेल तर तेही दाखव, तो वेगळा जंतुसंसर्ग असतो. आणि तोंडाभोवती, हातापायांच्या बोटांवरही तसेच चट्टे असतील तर सांगायला विसरू नको, झिंकच्या कमतरतेत असं होतं आणि ते नुसत्या मलमाने जात नाही. जाण्यापूर्वी रोज एकाच ठिकाणी, दिवसाच्या उजेडात फोटो काढून ठेव, कारण दवाखान्यात नेमकं त्या दिवशी बरं दिसतं. फोटो फॅमिली ग्रुपवर मात्र टाकू नको, बावीस उपाय येतील.

घरातलं कसं हाताळायचं तेही तूच ठरव, पण मला वाटतं सासूबाईंशी कापरावरून भांडण्यात अर्थ नाही. त्यांना म्हण, "आई, तुमचं बरोबर आहे, डायपरमध्ये फार वेळ राहतो तो, दुपारी तुम्ही त्याला उघडा घेऊन बसाल का?" बाळुत्यांना इस्त्री, दुपारचं उघडं खेळणं हे त्यांच्याकडे दे, साधं खोबरेल वाटीत काढून दे. कापराची बाटली देवघरात वर ठेवून दे, आणि डॉक्टरांकडे जाताना त्यांनाही ने, तुझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं लवकर पटतं, कुठल्याही घरात.

राहिली लस. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस अशा रॅशसाठी पुढे ढकलायची नसते, बुरशीचं मलम चालू असलं तरी. लस दंडाला असते, डायपरच्या जागेशी तिचा संबंध नाही. त्या दिवशी सणकून ताप असेल तर नर्सताईंना सांग, नाहीतर कार्ड घेऊन वेळेवर जा, आणि तिथेच डॉक्टर असतील तर डायपर उघडून दाखवून घे, वेगळी फेरी वाचेल.